नाव कानात जाईपर्यंत

"तुम्ही सगळे असे मध्येच थांबून का बोलता गं?" नूतनने विचारलं, तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की आम्ही थांबून बोलतो.

"थांबून म्हणजे?" मी म्हटलं. धप्प झालं. मग मी पुढे विचारलं, "कुठे थांबतो?"

"हे बघ. आत्ताच थांबलीस."

आमच्या घरासमोर रस्ता, रस्त्यापलीकडे उसाचा एक पट्टा आणि त्याच्या खाली कृष्णा. नदीत नव्या पुलाच्या पायासाठी खडक फोडणं चाललं होतं. पात्रात मातीचा भराव टाकून त्यावर लोखंडी तिपाया उभ्या केल्या होत्या, आमच्या घराएवढ्या उंच. तिपाईवर दोराने टांगलेला लोखंडी ठोकळा सावकाश वर चढायचा, टोकाशी क्षणभर लटकायचा आणि सुटायचा. धप्प. कपाटातल्या कपबशा किणकिणायच्या, देव्हाऱ्यातली घंटा कुणी हात न लावता हलायची. एक तिपाई थांबली तर दुसरी चालू असायची, आणि सगळ्या थांबल्या तरी पाणी उपसणारे पंप घरघरत असायचेच. नदीला पाणी यायच्या आत पाये वर काढायचे म्हणून दिवसपाळी, रातपाळी दोन्ही.

सातव्या महिन्यात मी माहेरी आले त्या दिवशी या आवाजाने माझं डोकं उठलं होतं. पण माणूस कशालाही सरावतो. आठवड्याभरात मीही आई-नानांसारखी दोन ठोक्यांच्या मधल्या फटीत वाक्य बसवायला शिकले. "आमटीला मीठ" धप्प "कमी आहे." पाहुण्यांना ते विचित्र वाटायचं. आम्हाला पाहुणे विचित्र वाटायचे, कारण ते ठोक्याच्या अंगावर बोलत आणि मग "काय?" म्हणत.

नूतन ही माझी शाळेतली मैत्रीण. तिचा तीन महिन्यांचा मुलगा तिच्या मांडीवर होता आणि दर ठोक्याला दोन्ही हात फेकून दचकत होता. पाच-सहा वेळा त्याने सहन केलं. मग खालचा ओठ पुढे काढला आणि सूर लावला.

"आमच्या बोक्याला साधी दाराची कडी वाजलेली चालत नाही," नूतन त्याला खांद्यावर टाकत म्हणाली. "आणि ही तुझी बघ. किती गुणी."

माझी मुलगी पाळण्यात तोंड उघडं टाकून झोपली होती. तिला महिना झाला होता. धप्प झालं. पाळण्याला टांगलेली चिमणी हलली. तिची पापणी हलली नाही.

'गुणी' हा शब्द मला तोवर आवडायचा. आई शेजारणींना सांगायची, नाना फोनवर सांगायचे, दुधवाल्यालाही माहीत होतं की ही गुणी आहे. नूतन गेल्यावर मी पाळण्याशी बसून राहिले. ठोका पडला की मी कपबशांकडे बघायची, मग तिच्याकडे. कपबशा दचकत होत्या.

माझं शिक्षण एम.एस्सी., वनस्पतिशास्त्र. त्याचा संसारात उपयोग एवढाच की पुस्तकात छापलेलं मला खरं वाटतं. बाळाच्या संगोपनाचं एक जाड पुस्तक मी आणलं होतं. त्यात लिहिलं होतं, अचानक मोठा आवाज झाला की तान्हं बाळ हात फेकून दचकतं. दचकत नसेल तर डॉक्टरांना दाखवा. हे पान मी पूर्वीही वाचलं होतं, खाली रेघही मारली होती, आणि तरी मला काही सुचलं नव्हतं. ती दचकत नाही म्हणजे तिला ऐकूच येत नसेल का, हा प्रश्न एकदा डोक्यात आला आणि मग मांडी घालून बसला.

मी आधी टाळी वाजवली. काही नाही. मग खुळखुळा. मग कपाटाचं दार आपटलं. संध्याकाळी स्वयंपाकघरातून स्टीलचं ताट आणि डाव आणला आणि पाळण्यामागे उभं राहून दणकन वाजवला. मुलगी जागी होती. ती छताच्या पंख्याकडे कौतुकाने बघत राहिली.

आई पदराला हात पुसत दारात आली. "जेवायला बोलवायची ही कुठली पद्धत?"

"आई, हिला ऐकू येतं ना गं?"

आईने ताट माझ्या हातातून काढून घेतलं. "तू तरी कधी दचकायचीस? तुझा बाप घरातसुद्धा बस सुटल्यासारखा बोलायचा. त्यात वाढलीस."

नाना एसटीत वाहतूक नियंत्रक होते. आयुष्यभर स्टँडवरच्या खोलीत माइकसमोर बसून त्यांनी गाड्या सोडल्या. निवृत्त झाले, माइक तिकडेच राहिला, आवाज घरी आला. आता त्यांची ड्यूटी गॅलरीत. गळ्यात दुर्बीण, खांद्यावर पंचा. सकाळी चहा घेतला की आम्हाला निवेदन मिळायचं, "दुसऱ्या तिपाईचं काम दोर तुटल्यामुळे बंद आहे. तिसरी तिपाई आपल्या नियोजित वेळेनुसार सुरू आहे."

आई म्हणायची, "आणि गॅलरीतले प्रवासी अंघोळीला कधी जाणार आहेत?"

पण हा पूल नानांच्या जिव्हाळ्याचा होता. जुना पूल ठेंगणा. दर पावसाळ्यात त्यावर पाणी यायचं आणि नानांना माइकवरून सांगावं लागायचं, पलीकडच्या सर्व गाड्या रद्द. मग खिडकीशी माणसं जमायची. कुणाची परीक्षा, कुणाचं लग्न, कुणाची बहीण दवाखान्यात. नाना सांगायचे, "नदी काय मी सोडली होती? पण शिव्या मला." नवा पूल उंच होणार होता. त्याला एका दिवसाचा उशीर झालेला नानांना चालत नसे. साइटवर तांबोळी नावाचा तरुण इंजिनिअर होता. त्याला जाऊन ते विचारायचे, काल दुपारी पहिली तिपाई थांबली होती ती कशासाठी. तांबोळी त्यांना बघून हेल्मेट डोळ्यांवर ओढत असे.

मी पुण्याला हेमंतला फोन केला. नवरा शांत स्वभावाचा. तो म्हणाला, "माझी मुलगी आहे. मला तरी अलार्म कुठे ऐकू येतो?"

"हेमंत, मी चेष्टा करत नाहीये."

मग तो म्हणाला, "मिरजेला लहान मुलांचे कान तपासणारे डॉक्टर असतात. मी नंबर लावतो."

नंबर लागला तो बारशाच्या दुसऱ्या दिवशीचा. तोवर मला हलता येत नव्हतं, कारण सव्वा महिना झाल्याशिवाय बाळ-बाळंतिणीने उंबरा ओलांडायचा नाही, हा आईचा कायदा. मी वाद घातला असता, पण मी कानात कापूस आणि डोक्याला स्कार्फ बांधून बसले होते. त्या अवतारात विज्ञानाची बाजू मांडता येत नाही.

तेव्हा आठवडाभर मी घरात बसून परीक्षा घेत राहिले. डबा पाडला. पितळी घंगाळ्यावर लाटणं मारलं. हाका मारल्या, आणि हाक मारताना तोंड तिला दिसणार नाही अशी काळजी घेतली. जेवढी भीती वाढली तेवढी भांडी मोठी होत गेली. तिला भूक लागली की ती रडायची, दूध मिळालं की गप्प व्हायची, माझं तोंड दिसलं की हातपाय झाडायची. सगळं होतं. फक्त मी पाठीमागून बोलले की मी तिथे नसल्यासारखीच. एकदा पाळण्याला टेकून मी विचार करत बसले की आपण हिला पोळ्या लाटताना गाणं म्हणून दाखवणार होतो, आता समोर बसून लाटायला लागेल. आणि मग ओटा कसा फिरवायचा याचा विचार सुरू केला. माझं काळजी करणं असंच असतं, थेट सुताराला बोलावण्यापर्यंत जातं.

मी एकटीच नव्हते. दुपारी मी डोळे मिटून पडलेली असताना आई पाळण्याशी गेली, इकडेतिकडे बघितलं आणि बाळाच्या कानाशी चुटकी वाजवली. मग दुसऱ्या कानाशी.

"काय करतेस?" मी विचारलं.

"डास होता," आई म्हणाली.

बारशाच्या आदल्या संध्याकाळी मी कपडे काढायला गॅलरीत गेले. नाना दुर्बीण लावून बसले होते. ती न काढता म्हणाले, "ताट का वाजवतेस रोज?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, नूतनचा मुलगा, पुस्तकातलं पान, मिरजेचा डॉक्टर. नानांना सांगायचं म्हणजे मोठ्याने सांगायला लागायचं आणि मध्ये धप्प आला की थांबायला लागायचं. त्यामुळे ती भीती हप्त्याहप्त्याने, ओरडून सांगितल्यासारखी झाली. शेवटी मी म्हटलं, "एवढा घण पडतो नाना, आणि तिला" धप्प "कळतच नाही."

"हं," नाना म्हणाले. दुर्बीण नदीवरच होती. जरा वेळाने म्हणाले, "तिसरीचा दोर ढिला आहे."

मी वाळलेली दुपटी गोळा केली आणि आत आले. पाठ फिरवताना मला त्यांचा इतका राग आला होता की एक दुपटं खाली रस्त्यावर पडलं ते मी पडू दिलं.

बारशाच्या सकाळी घरात चण्याच्या घुगऱ्यांचा वास होता. हेमंत आणि त्याची मोठी बहीण ज्योत्स्नाताई पुण्याहून पोचले होते. ताई बाळाची आत्या, म्हणजे नाव ठेवण्याचा मान त्यांचा. नाव मी, हेमंत आणि ताई अशा तिघांनाच ठाऊक होतं. मिरजेचं मात्र हेमंतने ताईंना सांगितलं नव्हतं. माझा धाकटा भाऊ कोल्हापुरात कॉलेजला होता, तोही आला होता आणि पाळण्याला फुगे बांधत होता. आणि नाना गायब.

"इस्त्रीचा शर्ट घालून, पेढ्यांचा पुडा घेऊन गेलेत," आई म्हणाली. "कुठे विचार."

"कुठे?"

"नदीवर. नातीचं बारसं, आणि आजोबा तिकडे" धप्प "दोर मोजायला."

ज्योत्स्नाताई दोन्हीकडे बघत होत्या. त्यांना वाटलं आई रागाने थांबली.

नाना आले ते बायका जमल्यावर. कुणाशी न बोलता गॅलरीच्या दारात जाऊन उभे राहिले, पंचा हातात घेऊन. मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

बाळाला नवी कुंची घातली होती. पाळण्याच्या खालून, वरून देणं-घेणं झालं. पाच-सहा बायकांच्या हातांतून, बांगड्यांच्या किणकिणाटातून, हसण्या-खिदळण्यातून मुलगी फिरली आणि पाळण्यात पोचेपर्यंत झोपलेलीच होती.

"काय गुणी गं बाई," शेजारच्या जोशीकाकू म्हणाल्या.

हेमंतने माझ्याकडे बघितलं. मी पाळण्याच्या दोरीकडे बघितलं.

"चला ताई, वाका," आई म्हणाली. ताई वाकल्या. त्यांच्या पाठीत गुद्दे घालायला बायका बाह्या सरसावून मागे उभ्या राहिल्या, कारण आत्याने कानात नाव सांगितलं की तिच्या पाठीत गुद्दे घालायचे असतात. आई म्हणाली, "कुंची जरा" आणि ठोक्यासाठी थांबली.

ठोका आला नाही.

आई तशीच थांबून राहिली, तोंड अर्धं उघडं. मी थांबले. माझा भाऊ फुगा धरून थांबला. जोशीकाकूही थांबल्या, त्या शेजारीच राहतात. न आलेल्या ठोक्याची वाट बघत आम्ही सगळे पायरी चुकल्यासारखे उभे होतो आणि पुण्याहून आलेली माणसं आमच्याकडे बघत होती. मग दुसरी तिपाई थांबली. मग पंप घरघर करत बारीक झाले आणि बंद पडले. आणि मी किती महिन्यांत न ऐकलेले आवाज एकेक करून पुढे आले. स्वयंपाकघरात झाकण थडथडत होतं. उसात कुठलासा पक्षी बोलत होता. पाळण्याचा आकडा कुरकुरत होता.

माझ्या मुलीने डोळे उघडले.

आधी ती रडली नाही. अंगावरचं पांघरूण कुणी काढून घेतल्यावर माणूस जसा बघतो, तशी तिने छताकडे बघितलं. भुवया वर गेल्या. कपाळाला आठी पडली. आणि मग तिने असा टाहो फोडला की ज्योत्स्नाताई मागे सरकल्या.

"अहो, मी काहीच केलं नाही अजून," ताई म्हणाल्या.

बायका हसल्या. मला हसता येईना. ती उठली. आवाज थांबला म्हणून उठली. पण माझं डोकं ते माझंच डोकं. ते लगेच म्हणालं, घण पडला की जमीन हलते, पाळणा हलतो. हलायचं थांबलं म्हणून उठली असेल. आवाज कशावरून?

"सांगा की ताई नाव," आई म्हणाली, आणि पहिल्यांदाच पूर्ण वाक्य एका दमात म्हणाली.

ताई गोंधळल्या होत्या. रडणाऱ्या बाळावर ओरडायचं कसं, म्हणून त्यांनी आवाज उलट आणखी खाली आणला. कुंचीचा काठ बोटाने मागे केला, उजव्या कानाशी तोंड नेलं, आणि हलकेच, अगदी गुपित सांगावं तसं, "कुर्रर्र" केलं आणि नाव सांगितलं. मला ऐकू आलं नाही. शेजारी उभ्या आईला ऐकू आलं नाही.

रडणं नळ बंद केल्यासारखं थांबलं. डोळे आधी फिरले, ताईंच्या बाजूला. मग, गहाळ झालेली वस्तू सापडल्यासारखं, सगळं डोकं हळूहळू तिकडे वळलं.

बायकांनी ताईंच्या पाठीत गुद्दे घातले. मी ताईंचा दंड धरला. "दुसऱ्या कानात."

"काय?"

"दुसऱ्या कानातही सांगा."

"अगं, एकाच कानात सांगतात."

"आमच्यात दोन्ही कानांत सांगतात," मी म्हणाले.

हे मी त्या क्षणी रचलं. आईने माझ्याकडे चमकून बघितलं. ताई पाठ चोळत पाळण्याच्या त्या बाजूला गेल्या, वाकल्या. "कुर्रर्र." माझी मुलगी तिकडे वळली.

मग मी रडले. जोशीकाकू म्हणाल्या, बाळंतीण हळवी असते. हेमंत फुगा फुगवायला लागला, आणि आधीच फुगलेला फुगा फुगवत होता तो फुटला. मुलगी दचकली नाही.

मात्र आता तिला ही शांतता पटेना. नाव ऐकायचं तेवढं ऐकून झाल्यावर तिने पुन्हा सूर लावला. मी घेतलं, आईने घेतलं, पाळणा हलवला, दूध दिलं. छे. बायकांनी नाव जाहीर झालं म्हणून 'रेवा, रेवा' केलं, रेवा आणखी रडली. एवढ्यात जिन्यावर बूट वाजले आणि दारात तांबोळी उभा राहिला, हेल्मेट काखेत धरून.

"काका, झालं का नाव? सगळी माणसं थांबलीत. वरून साहेबांचा फोन आला तर मी काय सांगू?"

आई पुढे झाली. "कशाला थांबलीत?"

"काकांनीच सांगितलं की. सकाळी पेढे घेऊन आले होते." तांबोळी जरा अवघडला. "तुमच्यात नाव कानात जाईपर्यंत लोखंड वाजत नाही म्हणाले. म्हटलं, असं असेल तर थांबायलाच पाहिजे. आमच्या मुकादमानं तर पंपही बंद करायला लावले. म्हणाला, शंका नको."

"आमच्यात?" आई म्हणाली.

आम्ही सगळ्यांनी गॅलरीकडे बघितलं. नाना पाठमोरे उभे होते. काम थांबवायला आणि परत सुरू करायला पंचा हलवून इशारा द्यायचा, असं त्यांचं ठरलं होतं, हे नंतर तांबोळीने सांगितलं. पण पंचा त्यांच्या डोळ्यांना लावलेला होता. नदीत सगळी माणसं आमच्या गॅलरीकडे तोंड करून उभी होती, पिवळ्या हेल्मेटची रांग, आणि नाना त्यांच्यासमोर पंच्यात तोंड घालून.

आईने त्यांच्या पाठीकडे बराच वेळ बघितलं. मग तांबोळीकडे वळली. "हो," ती म्हणाली. "आमच्यात नाही वाजवत. पूर्वीपासून. बसा तुम्ही, घुगऱ्या घ्या."

रडती रेवा खांद्यावर टाकून मी गॅलरीत गेले. नानांनी पंचा खाली केला.

"वजन ठेवायच्या आधी," ते म्हणाले, "पूल रिकामा करून बघतात. मोकळ्या पुलाचं माप आधी घेतात. तांबोळीच म्हणत होता एकदा. तू काल सांगितलंस तेव्हा म्हटलं, आपण हिच्या कानावर नुसती वजनंच ठेवतोय."

ते हळू बोलत होते. नानांना हळू बोलता येतं हे मला तोवर माहीत नव्हतं.

"ऐकलं ना तिनं?" त्यांनी विचारलं.

"ऐकलं."

"दोन्हीकडनं?"

"दोन्हीकडनं."

मी त्यांच्या हातातून ओला पंचा घेतला आणि डोक्यावर धरून हलवला. पिवळी हेल्मेटं पांगली. पंप खोकले आणि लागले. तिसऱ्या तिपाईचा ठोकळा हलला, वर चढायला लागला, टोकाशी लटकला. रेवा रडता रडता दम घ्यायला थांबली.

धप्प.

तिने एक मोठा, म्हाताऱ्या माणसासारखा सुस्कारा सोडला. दुसऱ्या ठोक्याला डोळे मिटले. तिसऱ्याला तोंड उघडं पडलं.

नानांनी खाकरून घसा साफ केला. "तिसऱ्या तिपाईचं काम," ते घरभर ऐकू जाईल असं म्हणाले, "पूर्ववत सुरू झालेलं आहे."

दुसऱ्या दिवशी मिरजेला गेलोच. तपासणीसाठी बाळ झोपलेलं लागतं, आणि डॉक्टरांच्या त्या बंद, शांत खोलीत रेवा झोपेचना. डॉक्टर घड्याळ बघायला लागले. शेवटी हेमंत बाकाशी बसला आणि मुठीने ठोकायला लागला, सावकाश, एक ठोका, मग थांबून दुसरा. डॉक्टरांनी चष्म्यावरून बघितलं. रेवा झोपली. कान उत्तम होते.

पूल त्यानंतर दीड-दोन वर्षांनी सुरू झाला. नाना चालत पलीकडे जाऊन आले आणि कठडे फार साधे केलेत म्हणाले.

गेल्या वर्षी माझ्या भावाला मुलगा झाला. बारसं त्याच घरात, आणि आता आत्या मी. बायका पाठीमागे गुद्दे घेऊन तयार होत्या. मी पाळण्यावर वाकले, इतक्यात आई ओरडली, "थांब."

मी थांबले.

"कुकर बंद करा आधी. आणि तो मिक्सर कोण लावतंय? आमच्यात नाव कानात जाईपर्यंत लोखंड वाजत नाही. आणि दोन्ही कानांत सांगतात, हे लक्षात ठेव."

भावाची बायको पळत स्वयंपाकघरात गेली. ती बिचारी सगळं मनापासून पाळते. तिच्या माहेरीही आता हे पोचलं आहे म्हणे. तिच्या चुलत बहिणीच्या बारशाला शेजारच्या फॅब्रिकेशनवाल्याने तासभर वेल्डिंग बंद ठेवलं होतं. कुकर थांबला. मिक्सर थांबला. आईचं तेवढ्याने समाधान झालं नाही. जुना पंखा खडखडत होता, तिने कोपऱ्यातला मेन स्विच खाली ओढला. घरभर शांतता झाली.

आतल्या खोलीत रेवा झोपली होती. बारावीची परीक्षा संपवून आली होती आणि सकाळचे अकरा वाजून गेले तरी उठायचं नाव नव्हतं. भांड्यांचा खणखणाट, पाहुणे, फटाक्यांची माळ, कशाने हलली नव्हती.

"पंखा कुणी बंद केला?" आतून आवाज आला.

नाना गॅलरीत खुर्चीवर होते. त्यांना हल्ली फार कमी ऐकू येतं, आणि कानाचं मशिन ते टेबलाच्या खणात जपून ठेवतात. पण आम्ही सगळे एकदम हसलो ते त्यांना दिसलं.

"काय म्हणतेय ती?" त्यांनी विचारलं.

पाळण्यातला भाचा तसाच राहिला. मी गॅलरीत गेले, वाकले आणि त्यांच्या कानात सांगितलं.